विचारायची सोय

"हा हात कुणाचा गं?" आत्यांनी विचारलं.

लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोरापान, निमुळत्या बोटांचा हात होता. नखं गुलाबी, मनगटात दोऱ्याएवढं बारीक कडं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"कुणाचाच नाही, आत्या. वेबसाइटच्या तयार साच्याबरोबर येतो तो."

"साच्याबरोबर हात येतो?"

"आपण आपला फोटो टाकला की जातो."

"मग आधी घालव त्याला. ह्या बाईनं जन्मात भाकरी थापलेली न्हाई. हिला बांगडी भरली काय अन् खुंटीला अडकवली काय, सारखंच."

अलकावन्सं, माझी मोठी नणंद, पोट धरून हसल्या. दिवाळीला पुण्याहून आल्या होत्या. हापिसातून निघालेला जुना लॅपटॉप त्यांनी भावजयीसाठी पिशवीतून आणला होता, फराळाच्या डब्याच्या खाली घालून.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वडूजच्या पेठेत आमचं दुकान होतं, अजून आहे. पुढं दुकान, मागं घर. छतापासून जमिनीपर्यंत बांगड्यांच्या माळा. खिडकीतून वारा आला की सगळं दुकान हलकंसं हुंकार द्यायचं. आत्या चाळीस वर्षं कासारीण. सात गावं पायी फिरल्या, डोक्यावर पेटी आणि खांद्यावर माळा. कुठल्या घरातली सून डावखुरी, कुठल्या म्हातारीच्या मनगटाचं हाड मोडून वाकडं बसलंय, सगळं त्यांच्या बोटांना पाठ. मग गुडघे गेले. मामंजी त्याआधीच गेले होते. सात गावांच्या बायका जत्रेत घाऊक भावाच्या बांगड्या घ्यायला लागल्या आणि दुकानात दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइकं उरली.

माझे यजमान चाकणला कंपनीत. चौघांत मिळून एक खोली. पंधरा दिवसांतून एकदा यायचे, रविवारी दुपारी परत. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी हिशेब करायचं सोडून दिलं होतं.

"हे बघ आई," वन्सं म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघू. वेबसाइट चालली, चार मागण्या यायला लागल्या, तर दुकान ठेव. नाही चालली, तर दुकान भाड्यानं द्यायचं आणि तू माझ्याकडं पुण्याला. गुडघ्याचं तिथंच दाखवू. शालनच्या गळ्यात किती दिवस राहशील?"

"मी कुणाच्या गळ्यात न्हाई," आत्या म्हणाल्या. "लोकांच्या मनगटात राहिले आजवर."

"बरं बाई. तू मनगटात राहा. शालन, तू ठरव कुठली घ्यायची ते."

वन्संनी तीन कंपन्या शोधून ठेवल्या होत्या. तिन्हींत आपणच वेबसाइट उभी करायची. साचा तयार, आपण फोटो आणि मजकूर भरायचा. चौदा-चौदा दिवस फुकट वापरून बघायचं, आवडेल तिचे पैसे भरायचे. वहीच्या पानावर त्यांनी तिन्हींचे पासवर्ड लिहून दिले आणि भाऊबीज उरकून त्या गेल्या.

दुपारची जेवणं झाली, भांडी झाली, आत्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून झालं की मी लॅपटॉप उघडायची. आत्या शेजारी भिंतीला टेकून पाय लांब करून बसायच्या. माझे डोळे मिटायला लागलेले असायचे. पहाटे पाण्याची पाळी, मग स्वयंपाक, दुकान झाडणं, माळा पुसणं, त्यांना धरून मोरीत नेणं, आणणं. त्यात हे.

"काय म्हणतिया तुझी साइट?"

"बांगडीचं माप विचारतेय. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. गिऱ्हाइकानं त्यातलं निवडायचं."

"गिऱ्हाइकानं? त्याला काय ठावं?" आत्या सरळ बसल्या. "चाळीस वर्षांत मी एका बाईला माप विचारलं न्हाई. हात हातात घ्यायचा. दाबायचा. बोलत राहायचं. बाई बोलायला लागली की हात सैल सोडती, तवा बांगडी सरकवायची. तुझी साइट हात धरणार हाय का?"

"नाही धरणार."

"मग तिनं निदान विचारावं तरी. अंगठा तळहाताला लागतो का? पाण्यातलं काम किती? बाळंत होऊन किती दिस झाले? बांगडी कशासाठी हवी, लग्नाला का ओटीला? एवढं कळलं तर मी हितं बसून माप सांगीन. डोळं झाकून सांगीन."

"बघते," मी म्हणाले.

पहिल्या कंपनीत असं काही नव्हतं. चित्र, किंमत, मापाचा तक्ता, खाली 'मागवा' असं बटण. दुसरी पाच वस्तूंच्या वर काही ठेवू देत नव्हती आणि खाली स्वतःचीच जाहिरात लावत होती. तिसरी उघडली तेव्हा आत्यांना डुलकी लागली होती. तिच्यात मराठी नीट उमटत होतं. वस्तूखाली 'आपला प्रश्न जोडा' असं लिहिलेलं होतं. बोट लावलं की एक रिकामी चौकट उघडायची. पुन्हा लावलं की दुसरी. हवे तेवढे प्रश्न विचारा, उत्तर लिहिल्याशिवाय बांगडी मागवताच येणार नाही, अशीही सोय होती.

मी त्या रिकाम्या चौकटीकडं बराच वेळ बघत बसले. बाहेर पेठेत कुणीतरी तांब्याच्या हंड्याला ठोके घालत होतं. आत्यांचा घसा झोपेत घरघरत होता.

मग मी ती चौकट बंद केली.

आत्या उठल्यावर म्हणाल्या, "सापडली का गं विचारायची सोय?"

"कशातच नाही," मी म्हणाले. "तिन्ही सारख्याच. पहिली बरी दिसते, तीच घेऊ."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू शिकलेली हाईस. तुला कळतं." एवढंच म्हणाल्या आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. मी धरलं नाही. म्हणजे, धरायला उशीर केला.

पहिली वेबसाइट दोन दुपारींत उभी राहिली. गोऱ्या हाताच्या जागी मी माळांचा फोटो लावला. वन्संनी पुण्याच्या मैत्रिणींना पाठवली, त्यांनी त्यांच्या बहिणींना. पंधरा दिवसांत नऊ मागण्या आल्या. आत्या भुशात आणि वर्तमानपत्रात बांगड्या गुंडाळायच्या. गुंडाळताना गुणगुणायच्या, तान्ह्याला कपड्यात गुंडाळावं तसं:

"हिरव्या बांगडीचा, किनकिन नाद बाई
लेक माझी सासरी गं, ऐकू मला येत न्हाई"

"कुणाला चाललीया ही?" प्रत्येक पुडक्याला विचारायच्या.

मी पडद्यावरचं नाव वाचून दाखवायची. नाव आणि पत्ता.

"अन्?"

"अन् काही नाही. एवढंच येतं."

"नुसतं नाव." पुडकं जरा वेळ मांडीवर ठेवायच्या. "बरं. जा बाई, सांभाळून जा."

मार्गशीर्षातली एक सकाळ. दुकानाच्या फोनवर श्रीगोंद्याच्या एक बाई होत्या, पुष्पलता नावाच्या. आवाज चढलेला.

"तुम्हीच का हो त्या बांगड्यावाल्या? अहो, काय पाठवलंय हे? माझ्या लेकीच्या हातात जाईनात म्हणून जरा जोर लावला, तर आठातल्या सहा वाढल्या. मनगटाला एवढी मोठी काच लागली. परवावर डोहाळजेवण आलंय. पोर रडतेय, सासरचे म्हणतात अपशकुन झाला. सांगा आता मी काय करू!"

मी "मापाचा तक्ता होता, तुम्हीच निवडलं" असं म्हणणार होते. तोंडात आलंच होतं. आत्यांनी हात पुढं केला.

"हिकडं आण फोन."

फोन कानाला लावून त्यांनी आधी त्या बाईंचं सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाल्या, "कितवा म्हयना, बाई?"

"सातवा."

"मग हात सुजलेला असणार की. कुणी विचारलं न्हाई का तुम्हाला?"

"विचारतंय कोण? नंबर निवडा म्हणलं, निवडला."

"पोरीला द्या फोन." आणि मग आवाज एकदम खाली आणून, दारात बसलेल्या बाईशी बोलावं तसं, "काय गं माझे बाई, लई लागलं का? हळद लावली? बरं. आता रडू नगं. काच फुटली की अपशकुन झाला असं कासारीण कधी म्हणती का? म्हणत न्हाई. वाढली म्हणती. तुझं वाढायचंच दिस हाईत. आता मी सांगते तसं कर. उद्या सकाळी उठल्या उठल्या, पाण्यात हात घालायच्या आत, अंगठा तळहातात दुमड. चारी बोटं जवळ आण, केळफुलावानी. आईला म्हण, सगळ्यात फुगीर हाडावरनं दोरा फिरव. आन् मला फोन कर. त्या मापाच्या मी स्वतः निवडून एसटीनं पाठवते. डोहाळजेवणाआधी हातात पडतील. पैसं? कशाचं पैसं? हातात चढंपातूर बांगडी कासाराची असती, बाई. फुटली ती माझी फुटली."

फोन ठेवला. दुकानात एक गिऱ्हाईक डोकावलं, मी त्याला नंतर या म्हणून सांगितलं.

"शालन."

"काय आत्या?"

"चाळीस वर्षांत बांगडी वाढली तर माझ्या हातात वाढली. काच लागली तर माझ्या बोटाला लागली." त्यांनी उजव्या हाताची बोटं पसरून दाखवली. पेरापेरावर बारीक पांढऱ्या रेघा. सात वर्षं मी तो हात रोज बघत होते, आणि त्या रेघा मी सुरकुत्याच समजत होते. "आज माझ्या नावानं एका पोटुशीला लागली, अन् मी दोनशे मैलांवर लोडाला टेकून बसलेली."

"एवढं लांब नाही ते."

"असूं दे. बंद कर ती साइट. तिला विचारता येत न्हाई अन् मला न विचारता बांगडी भरता येत न्हाई. न्हाई जमायचं. अलकेला फोन लाव. म्हणावं, संक्रांतीपातूर थांबायला नको, येते म्हणतीय आई."

मी फोन घेऊन मागच्या पडवीत गेले.

हेच तर हवं होतं मला. आज सांगायला हरकत नाही. तिसऱ्या कंपनीची ती रिकामी चौकट मी बंद केली ती काही पेंग आली होती म्हणून नव्हे. विचारायची सोय नसेल तर आत्यांचं मन त्यात लागणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांचं मन उडालं की संक्रांतीला दुकान भाड्यानं जाणार, त्या पुण्याला जाणार, आणि मी चाकणला. तिथली खोलीसुद्धा मी मनात लावून ठेवली होती. एक खिडकी, एक गॅस, दोन ताटं. कुणाला धरून मोरीत न्यायचं नाही. संध्याकाळी कुलूप उघडल्याचा आवाज येणार आणि मी ओट्याशी वळून बघणार. सात वर्षांत मी दमले होते असं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

वन्संनी फोन उचलला. "बोल शालन. आई बरी आहे ना?"

पडवीतून मला आत्या दिसत होत्या. त्या एकेक माळ खुंटीवरून काढून मांडीवर घेत होत्या आणि हिरव्या बांगड्या निवडत होत्या. प्रत्येक बांगडी कानाशी नेऊन नखानं टिचकी मारायच्या. जिचा आवाज बद्द यायचा ती बाजूला. त्यांनी मला पुन्हा विचारलं नव्हतं आणि माझ्यावर दुसऱ्यांदा खोटं बोलायची वेळही आली नव्हती, कारण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

"शालन? ऐकू येतंय का?"

"वन्सं," मी म्हणाले, "त्या तिसऱ्या कंपनीचा पासवर्ड काय होता? माझं ते पान कुठं गेलं कळेना."

"तिसरी? अगं, ती महाग पडते. आणि तिचे फुकटचे दिवस संपले असतील."

"संपू दे. तीच घेऊ."

लॅपटॉप घेऊन मी आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अलका काय म्हणाली?"

"आत्या, एक आहे. हिच्यात विचारता येतं."

त्यांची टिचकी थांबली. "आत्ता आली व्हय ही?"

मी चौकट उघडली. "सांगा, काय काय विचारायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. मग सांगायला लागल्या आणि मी टाइप करत गेले. बांगडी कुणासाठी? कशासाठी? अंगठा तळहातात दुमडला तर करंगळीच्या मुळाला लागतो का? पाण्यातलं काम किती? भाकरी थापता का? दिवस गेलेत का, कितवा महिना? हाताला कधी मार लागलाय का?

"लई झाले का?"

"होऊ द्या."

"मग अजून एक घे. संध्याकाळी हात सुजतो का? दमलेला हात सुजतो. सकाळी बांगडी सैल, रातच्याला रुतती. बाई सांगत न्हाई, पर हात सांगतो."

वेबसाइट सुरू करण्याआधी ती कंपनी एक मागणी करून बघायला सांगत होती, सगळं नीट चालतंय का ते कळायला.

"मग तूच कर की पहिली," आत्या म्हणाल्या. "मी इचारते, तू भर. बांगडी कुणासाठी?"

मी लिहिलं, "माझ्यासाठी."

"बोलून लिही. मला कुठं वाचता येतंय एवढं बारीक."

"माझ्यासाठी."

"कशासाठी?"

"अशीच."

"पाण्यातलं काम किती?"

"दिवसभर."

"भाकरी थापता का?"

"दोन वेळा."

"दिवस गेलेत का?"

"नाही."

"संध्याकाळी हात सुजतो का?"

बोटं अक्षरांवर होती, पण अक्षर दिसेना. "सुजतो," मी म्हणाले. आणि मग ते आपोआप आलं. "आत्या, ही सोय आधीपासून होती. दिवाळीतच सापडली होती मला. मी खोटं बोलले. तुम्ही पुण्याला जाल आणि मी चाकणला जाईन म्हणून. त्या पोरीच्या हाताला लागलं ते माझ्यामुळं लागलं."

हिरव्या बांगड्या मांडीवर होत्या. त्यांनी त्या एकेक करून खाली ठेवल्या. मला वाटलं, उठतील. उठता येत नव्हतं त्यांना.

"हात दे," त्या म्हणाल्या.

मी दिला. त्यांनी माझा अंगठा तळहातात दुमडला. हाडावरून बोट फिरवलं. दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांची बोटं थंड होती आणि काचेसारखीच गुळगुळीत. कासाराच्या घरात असून मी गेली किती तरी वर्षं प्लास्टिकच्या दोन-दोन बांगड्यांवर होते. कामात काच टिकत नाही म्हणून. त्यांनी माझा हात असा हातात शेवटचा घेतला होता तो लग्नाच्या चुड्याला.

"दोन-चार होता तुझा, लग्नात," त्या म्हणाल्या. "कोवळा. न सांगता जायची बांगडी. आता दोन-सहा झालाय. दोन-सहासुद्धा दाबून बसंल." हात त्यांनी सोडला नव्हता. "सात गावांतल्या बायांची मापं सांगत हिंडले मी. अन् माझ्या घरात हात फुगत चालला, ते मला कळलं न्हाई. तू खोटं बोललीस, ते झालं. मी इचारलंच न्हाई, त्याला काय म्हणायचं?"

"तसं नाही, आत्या."

"तसंच हाय. आता बोलत राहा. हात सैल सोड."

मी काय बोलले आठवत नाही. खोलीतल्या एका खिडकीचं बोलले असेन. त्यांनी डाव्या हातात सहा आणि उजव्या हातात सहा भरल्या आणि एकही वाढली नाही.

मग त्यांनी डोळे पुसले, पदराला नाक पुसलं आणि पडद्याकडं बोट केलं. "खाली अजून जागा हाय का? मग लिही. दर म्हयन्याचे पहिले आठ दिवस बांगड्या मिळणार न्हाईत. सून नवऱ्याकडं चाकणला असती."

"आणि तुमचं? मोरीपर्यंत कोण नेईल?"

"मागची सरूबाई येईल. अन् न्हाई आली तर माझं गुडघं अन् मी, आठ दिस एकमेकांच्या तोंडाकडं बघू. लिही तू."

"आत्या, वेबसाइटवर असं कुणी लिहितं का? लोक काय म्हणतील?"

"बायकाच वाचणार ना गं?" आत्या म्हणाल्या. "मग त्यांना कळतंय."